रेटिसेंट म्हणजे मी

१४ नोव्हेंबर १९८८, सोमवार. संध्याकाळ.

ही डायरी मागच्या वर्षीची. बियाण्याच्या कंपनीनं आबांना फुकट दिलेली. जून ते ऑगस्ट आबांनी कपाशीच्या फवारण्या लिहिल्यात, बाकी कोरी. वार जुळत नाहीत, ते खोडून दुरुस्त करणार. माझं आयुष्य तसंही दुरुस्तीला निघालंय.

आधी परिस्थिती लिहून ठेवतो, म्हणजे पुढे माझं मलाच समजेल.

जळगावचं कॉलेज मी सोडलं. बी.ए. सेकंड इयर. प्रोफेसर मला 'बसा' म्हणाले, मी बसलो नाही, आणि हजेरीचं मस्टर खिडकीतून खाली गेलं. मी फेकलं नाही, हाताला लागलं. माफी लिहून द्या म्हणाले. मी दोन ओळींत 'कॉलेज सोडत आहे' असं लिहून दिलं. इंग्लिशमध्ये. आबांनी मला धुळ्याला अक्काकडे पाठवलं. अक्काचा नवरा झुलालदाजी, गल्ली नंबर पाचमध्ये पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवतो. दहापासून मी दुकानावर. सकाळी आठ ते नऊ मोतीलाल सरांकडे टायपिंग.

आता मुख्य.

प्रमिला पाटील. गाव अमळनेर. आमच्याच पाहुण्यांतली, लांबून. टायपिंगसाठी इथं धुळ्यातच, देवपूरला आत्याकडे राहते. माझ्या शेजारचं मशीन. तीन महिन्यांत तिच्याशी थेट बोललो नव्हतो. पण तिला ऐकू जाईल असं इतरांशी भरपूर बोललोय. सरांशी रिबनवरून दोनदा, मशीनवरून चारदा, पंख्यावरून रोज.

आज ती स्वतः वळली. म्हणाली, "तुम्ही कॉलेजला होते ना? मग रेटिसेंट म्हणजे काय हो?" प्रॅक्टिसच्या उताऱ्यात एक म्हातारा व्यापारी आहे, तो रेटिसेंट असतो.

मला येत नव्हतं. म्हणालो, "ते संदर्भावर आहे. उद्या सांगतो."

"नक्की?"

मी म्हणालो, नक्की.

१५ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ६.

कॉलेज सोडलं तरी लायब्ररीची डिक्शनरी माझ्याकडेच आहे. ते त्यांचं बघतील.

रेटिसेंट: विशेषण. मनातलं सहसा बाहेर न काढणारा. मितभाषी. अबोल. पुढे 'अबाउट' लागतं, म्हणजे अमुक गोष्टीबद्दल रेटिसेंट.

वाचून बसूनच राहिलो. डिक्शनरी तिच्याकडेही असणार. सर आहेत, आत्या शाळेत शिकवते. तरी तिनं मलाच विचारलं. परवाच मी पंख्यावरून टेबल आपटलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. याला हिंट म्हणतात.

ठरलं. अर्थ सांगायचा नाही. दाखवायचा.

आजपासून अभिमन पाटील रेटिसेंट. वाक्यात उपयोग: अभिमन इज रेटिसेंट अबाउट हिज लव्ह.

१६ नोव्हेंबर.

आठ ते आठ वीस, पूर्ण रेटिसेंट. आठ वीसला माझ्या मशीनचं 'ई'चं बटण वरच अडकलं. इंग्लिशमध्ये 'ई' किती लागतो हे मोतीलाल सरांना माहीत असायला पाहिजे. मी तेवढंच म्हणालो. सर म्हणाले, गल्ली नंबर चारपर्यंत ऐकू गेलं.

आजचा दिवस धरायचा नाही. मशीनची चूक.

१७ नोव्हेंबर.

तिनं परत विचारलं. "सांगणार होते ना?"

मी खिडकीबाहेर बघितलं. मग तिच्याकडे. मग थोडंसं हसलो, ओठ बंद ठेवून. ही अ‍ॅक्शन आरशात बसवलेली आहे.

ती म्हणाली, "नसलं माहीत तर नाही म्हणा. त्यात काय?"

मला नसलं माहीत! घशापर्यंत आलं होतं. सगळा अर्थ, उपयोग, 'अबाउट'सकट. गिळलं. कान गरम झाले. पण गिळलं. आयुष्यातला पहिला शब्द मी गिळला आज.

२० नोव्हेंबर, रविवार.

चार दिवस घरातही बोललो नाही. प्रॅक्टिस घरूनच पाहिजे. अक्कानं निरखून बघितलं आणि ओवा दिला. गॅस वाटला तिला. मी नको म्हणणार होतो. पण नको म्हणायचं म्हणजे बोलणं आलं. खाल्ला.

२४ नोव्हेंबर. दुपारी, दुकानात.

अभ्यास खोलवर चाललाय. एका शांततेला इंग्लिशमध्ये किती शब्द!

क्वाएट. जागेलाही चालतो, माणसालाही. क्वाएट रूम, क्वाएट बॉय. साधा शब्द, कुणालाही लावावा.

सायलेंट. आवाजच नाही. आमच्या दुकानाला कधीच लागणार नाही. दाजी दिवसभर पत्र्यावर हातोडा मारतो.

टॅसिटर्न. जन्मजात कमी बोलणारा, जरा कडू. दाजी. लग्नाला नऊ वर्षं झाली, अक्का म्हणते, नऊ वाक्यं झाली असतील.

रेटिसेंट. ज्याच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे आणि तो सांगत नाही. सगळ्यात वरचा दर्जा. आतलं भरलेलं असावं लागतं. रिकामी कोठी बंद केली काय, उघडी ठेवली काय, सारखीच.

हे तिला सांगायला किती मजा आली असती. पण सांगितलं की मी रेटिसेंट राहत नाही. अडचण आहे.

२९ नोव्हेंबर.

प्रगती. गिऱ्हाईकानं कोठी किती मणाची विचारलं की मी खडूनं कोठीवर आकडा लिहितो. घासाघीस संपली. पूर्वी रोज एक तरी गिऱ्हाईक माझ्याशी भांडून जायचं. दाजी खूश आहे. काल पान खाऊन माझ्याकडे बघून मान हलवली. दाजीच्या मानानं हे भाषण झालं.

समोरचा भटू टेलर दोनदा ओरडला, "काय अभिमन, तुले व्हयनं तरी काय?" मी हसलो. ओठ बंद ठेवून.

त्यानं बायकोला काहीतरी सांगितलं. तिनं तोंडाला पदर लावला. परिणाम होतोय.

४ डिसेंबर, रविवार. सायंकाळ.

एक गोष्ट लक्षात आली. कुणी विचारतच नाही.

माझा हिशेब असा होता: माणूस अचानक गप्प झाला की चार लोक विचारतात, 'काय झालं?' मग तो सांगत नाही. मग ते आग्रह करतात. तरी सांगत नाही. तिथं खरा रेटिसेंटपणा दिसतो. पण आधी कुणी विचारायला तर पाहिजे! न सांगायलासुद्धा समोर माणूस लागतो.

आज अक्का भाकरी थापता थापता दाजीला म्हणाली, "घर कसं गारेगार वाटस आते." दाजीनं मान हलवली. मी तिथंच बसलो होतो, दोन हातांवर.

म्हणजे पूर्वी माझ्यामुळे घर तापायचं. असू दे. कळेल त्यांना.

जेवताना मीठ हवं होतं. मागितलं नाही. कुणी बघेल म्हणून थांबलो. भाजी संपली.

९ डिसेंबर, शुक्रवार.

मोतीलाल सरांनी आज सगळ्या बॅचसमोर सांगून टाकलं: रेटिसेंट म्हणजे गप्प राहणारा. झालं! एका ओळीत! एवढ्या बारकाव्याच्या शब्दाचा असा चुराडा! प्रमिला वहीत लिहून घेत होती. मी तीन आठवडे जे जिवंत करून दाखवतोय ते तिनं पेन्सिलीनं लिहून घेतलं.

ओरडलो नाही. 'ई'चं बटण जरा जोरात दाबलं, एवढंच. निघून हातात आलं.

पण पुढचं महत्त्वाचं. सुटताना तिनं माझ्या टेबलावर डबा ठेवला. भरीत. अमळनेरहून आलं होतं, आई पाठवते. म्हणाली, "हल्ली तुमचा आवाज नाही क्लासमध्ये. चैन पडत नाही बघा, कुठं काही मोडलंबिडलं तर नाही ना असं वाटतं." आणि हसली.

चैन पडत नाही!

प्रयोग लागू पडला. आता सोडायचं नाही. तिथंच खाऊन डबा घासून परत दिला, थँक्यू न म्हणता. थँक्यू कुणीही म्हणतं. भरीत काळ्या मसाल्याचं, हिरव्या वांग्याचं, वर कांद्याची पात. हे तिला सांगायचं राहिलं. म्हणजे राखून ठेवलं.

१४ डिसेंबर, बुधवार. दुपारी १.

परीक्षा झाली. मला स्पीड तीसचा पाहिजे होता, सत्तावीस झाला असेल. बिघडलेलं मशीन.

बाहेर सायकलींजवळ ती थांबली होती. माझ्यासाठी. दुसरं कुणीच नव्हतं, म्हणजे माझ्यासाठीच. म्हणाली, संध्याकाळच्या एस.टी.नं अमळनेरला जातेय. आता धुळ्याला काम राहिलं नाही. घरात बोलणी चालू आहेत.

मग चपलेच्या टोकानं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला काही बोलायचंय का?"

मी तिच्याकडे बघितलं. सगळं डोळ्यांत आणलं. चार महिने शेजारचं मशीन, भरीत, सगळं. ओठ बंद.

ती म्हणाली, "बोला ना. पूर्वी किती बोलायचे तुम्ही."

मी मान हलवली. नाही अशी नाही. हो अशीही नाही. मधली. अर्थाला वाव ठेवणारी.

दहा मिनिटं थांबली. मग गेली.

आज मी रेटिसेंटपणाचा कळस गाठला. डिक्शनरीवाल्यांनी उदाहरण म्हणून छापावं. आता ती अमळनेरला बसून विचार करत राहणार: याच्या मनात किती असेल!

संध्याकाळी पाच.

एस.टी. स्टँडवर जाऊन आलो. सहज. अमळनेरची गाडी सुटलेली होती.

२२ डिसेंबर, गुरुवार. दुकानात.

विचित्र प्रकार. अकरा वाजता दोन माणसं आली. एक टोपी, धोतर. दुसरा सफारीत, हातात काळी बॅग. पेटी बघतो म्हणाले, पण पेटीकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत होते.

टोपीवाला म्हणाला, "तुम्हीच का अभिमन?" मी मान हलवली. गाव? खडूनं पत्र्यावर लिहिलं. शिक्षण? दोन बोटं दाखवली, सेकंड इयर. मग सफारीवाल्यानं विचारलं, "राग लवकर येतो म्हणतात, खरं का?" मी हसलो, ओठ बंद ठेवून. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

माझ्या लगेच लक्षात आलं. जळगाव कॉलेजची माणसं. डिक्शनरीसाठी आलेली. दोन बोटं दाखवताच सफारीवाला काहीतरी आठवल्यासारखा झाला. आता तर एक अक्षर बोलणार नव्हतो. "काही बोला की, पाव्हनं," टोपीवाला तीनदा म्हणाला. माझ्याकडून माहिती काढतो काय!

मग ते भटू टेलरकडे गेले. अर्धा तास बसले. मग पानाच्या टपरीवर. जाताना दाजीलाही काही विचारलं. दाजी दोन शब्द बोलला.

डिक्शनरी मोठ्या कोठीत ठेवली, झाकण लावून. पुरावा नाही.

१ जानेवारी १९८९, रविवार.

संकल्प: हेच चालू ठेवणे. पण फेब्रुवारीपर्यंत. मग एकदम एके दिवशी अमळनेरला जाऊन सगळं बोलायचं. इतके दिवस साठलेलं. धरणाचे दरवाजे उघडल्यासारखं. तोपर्यंत साठवण.

आज कुणीच काही बोललं नाही माझ्याशी. अक्का भाकरी वाढते, दाजी हातोड्यानं दिशा दाखवतो, गिऱ्हाईक बोटानं. सवय झाली सगळ्यांना. मीच मनात बोलत असतो. दुपारी मनातल्या मनात माझं माझ्याशी भांडण झालं. मी बरोबर होतो.

१४ जानेवारी, संक्रांत.

गल्लीतल्या पोरीबाळी तिळगूळ घेऊन आल्या. अक्काला म्हणाल्या, गोड बोला. दाजीलाही म्हणाल्या. दाजीला! माझ्या हातावर नुसता तिळगूळ ठेवला आणि पुढे गेल्या. एकीनं जाता जाता पाठीवर हात ठेवला.

मला गोड बोला म्हणायला काय झालं होतं?

१९ जानेवारी, गुरुवार. सायंकाळी ७.

घाईत लिहितोय. अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

आमच्यात मुलगी द्यायची तर आधी कळवत नाहीत. दोन माणसं न सांगता येतात, पोराला बघतात, शेजारीपाजारी, टपरीवर विचारतात: पोरगा कसा आहे, पितो का, भांडतो का. याला चौकशी म्हणतात. सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत आहे. माझ्यासाठी कुणी करेल, हे माहीत नव्हतं.

टोपीवाला प्रमिलाचा मामा. देवचंद मामा. सफारीवाला काका.

अक्काला आज भाजीबाजारात प्रमिलाची आत्या भेटली, तिनं सगळं सांगितलं. प्रमिलानंच आईला सांगितलं होतं. म्हणाली होती, धुळ्याला एक आहे, तापट आहे, पण पोटात काही ठेवत नाही; जे असेल ते तोंडावर. असा माणूस फसवत नाही.

पोटात काही ठेवत नाही. हे तिला आवडलं होतं. हे!

चौकशीत भटू टेलरनं सांगितलं, "पहिले बठ्ठी गल्ली उठाडे. आते महिना व्हयना, वाचा बसनी. पोरगं चांगलं शे, पन काही तरी झटका शे." टपरीवाला म्हणाला, आधी डोकं तापायचं, आता ते जळून गेलं असेल. दाजीला विचारलं, बोलतो का हो तुमचा मेव्हणा? दाजी म्हणाला, "त्रास नाही."

अख्खी गल्ली उठवायचो म्हणे! झटका! त्रास नाही!

आता शिरपूरच्या एका मास्तरशी बोलणी चाललीत. अजून ठरलेलं नाही, असं आत्या म्हणाली. अजून ठरलेलं नाही!

मी उठून दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो आणि बोललो. पहिल्या वाक्यापासून वरच्या पट्टीत. भटूला, टपरीवाल्याला, दाजीला, गल्लीला. दोन महिन्यांचं सगळं काढलं. अक्का रडायलाच लागली, "बोलना माय, बोलना!" म्हणत, मला वाचा आली म्हणून तिनं देवापुढं साखर ठेवली. भटू कात्री हातात घेऊन शांतपणे ऐकत होता. माझं संपल्यावर दाजीला म्हणाला, "आते वात व्हयना. कांदा हुंगाडा."

२० जानेवारी, शुक्रवार.

रविवारी अमळनेर. ठरलं. मोठ्या माणसांसमोर, उभ्यानं, स्पष्ट. भाषण चार पानी झालंय. सुरुवात 'मी मुका नाही' इथून. मग कॉलेजचं, मग टायपिंगचं, मग तिचं. शेवटी नमस्कार.

दाजी जेवायला गेला तेव्हा मोठ्या कोठीत डोकं घालून तालीम केली. आवाज घुमून परत येतो. एक वाक्य म्हणालो की कोठी तेच म्हणते. फार दिवसांनी कुणाशी बोलल्यासारखं वाटलं. दोनदा केली तालीम. तिसऱ्यांदा भाषण नव्हतं, नुसतंच बोललो. आज भाजीत मीठ कमी होतं वगैरे.

२२ जानेवारी, रविवार. अमळनेर स्टँड, दुपारी ४.

झालं ते क्रमानं लिहितो.

अकराला पोचलो. घर सापडलं. ओट्यावर देवचंद मामाच बसलेले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी मला ओळखलं आणि घरात हाक मारली, "अरे, तो धुळ्याचा पोरगा आलाय, बिचारा! पाणी आणा!" मग माझ्याकडे वळून हाताचा द्रोण तोंडाला लावून दाखवला. पाणी? मग जमिनीवर हात थोपटला. बसा.

मी बसलो. बसल्यावर बोलणार होतो.

तिची आई आली. तिनंही हातानंच विचारलं, जेवलात? वडील आले, वना अप्पा. ते माझ्या कानाशी वाकून मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "पर-वा. सुपा-री. फुट-ली. शिर-पूर." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

परवा. म्हणजे शुक्रवारी. मी कोठीत डोकं घातलं होतं तेव्हा.

मग ती पाणी घेऊन आली. हिरवी साडी. माझ्यासमोर खाली बसली, सगळ्यांदेखत. हळू म्हणाली, "डॉक्टरला दाखवलं का?"

चार पानं खिशात होती. आवाज होता. मी बोललो असतो तर सगळं कळलं असतं: की काही झालेलं नव्हतं, मी मुद्दाम गप्प होतो, तिचे काका-मामा आले तेव्हाही, ती सायकलपाशी दहा मिनिटं थांबली तेव्हाही. आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की... दोन महिन्यांत माझ्याकडे कुणी असं बघितलं नाही. त्याच्या आधीही नाही.

मी मान हलवली. दाखवलं.

"काय म्हणाले?"

मी हातानं सांगितलं, होईल.

ती आत गेली आणि कागद-पेन्सिल घेऊन आली. म्हणाली, "काही सांगायचं असेल तर लिहा. मी वाचते."

खूप वेळ पेन्सिल धरून बसलो. मामा बघत होते, अप्पा बघत होते, आई दारात. मी लिहिलं, 'मी बरा आहे.'

तिनं वाचलं. डोळ्याला पदर लावला. कागदाची घडी करून आत घेऊन गेली. मग जेवायला वाढलं. मीठ तिनं न मागता वाढलं.

मामा स्टँडपर्यंत सोडायला आले. सारखे थोपटत होते. गाडीत बसवून कंडक्टरला म्हणाले, "याला धुळ्याला उतरवा हो. बोलता येत नाही." आणि खाली उभे राहून हात हलवत राहिले. गाडी अजून सुटत नाही. ते अजून उभे आहेत.

साडेचार.

गाडी सुटली. फाट्यापुढे कंडक्टर आला. मी म्हणालो, "धुळे, एक." तो दचकला. आवाज ठणठणीत आहे.